टॅग लावलेलं प्रथिन पेशीच्या टोकाला चमकतंय, खरं मानू का?

बशीतली_वसाहत

नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. आठ महिने ई. कोलाय या जिवाणूच्या एका प्रथिनामागे आहे. काम छापून यायचंय म्हणून नाव सांगत नाही. प्रथिन ३१ किलोडाल्टनचं, पेशीची उपासमार झाली की चयापचय आवरण्यात त्याचा हात असावा असा आमचा अंदाज. ते पेशीत कुठे बसतं हे बघायचं होतं, म्हणून त्याच्या सी टोकाला, म्हणजे शेवटाला, जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं आणि त्यापुढे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल सहा वेळा. जनुक पेशीत नेणारं पीईटी प्लाझ्मिड, ई. कोलायच्या बीएल२१ पेशी, प्रथिन तयार करायला लावणारं आयपीटीजी १ मिलिमोलर, ३७ अंशांवर तीन तास.

मायक्रोस्कोपखाली जवळजवळ प्रत्येक पेशीच्या टोकाला झगझगीत हिरवा ठिपका! काहींच्या दोन्ही टोकांना. त्या रात्री मला झोप आली नाही. सर म्हणाले, "ध्रुवावर बसणारं प्रथिन दिसतंय, पोस्टर करून टाक." परिषद दोन महिन्यांवर आहे.

पण वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने शोधतात त्यात) अँटी-जीएफपीने दोन बँड येतात. एक ५८ किलोडाल्टनच्या आसपास, तो यायलाच हवा. दुसरा २७ला, तोही चांगला ठळक. तो बघितल्यापासून मनात पाल चुकचुकतेय. हा ठिपका खरा मानायचा का? नसेल, तर कसं ठरवायचं?

जुना_सूक्ष्मदर्शक

तुला पाल ऐकू आली हे फार बरं झालं. पुष्कळ लोक २७चा बँड कापून चित्र छापतात.

तो बँड सुट्या जीएफपीचा. पेशीतली प्रथिनं तोडणारी प्रोटिएज जोडावर कात्री चालवतात, पण जीएफपीची पिंपासारखी घडी इतकी घट्ट असते की ते स्वतः शाबूत राहतं. सुटं जीएफपी पेशीभर पसरतं, एका जागी थांबत नाही. म्हणजे ठिपका ५८वाल्याचाच. आता प्रश्न एवढाच, की ते तिथे कामावर बसलंय की गोळा होऊन पडलंय?

मला दुसरी शक्यता जास्त वाटते. बीएल२१मध्ये जनुक जोरात चालवणारा टी७ प्रमोटर, वर १ मिलिमोलर आयपीटीजी, वर ३७ अंश. एवढं प्रथिन एकदम तयार झालं की घडी घालायला उसंत मिळत नाही, त्याचे गोळे होतात. पेशीचा मधला भाग डीएनएने व्यापलेला असतो, त्यामुळे मोठा गोळा आपोआप टोकाकडे सरकतो. गोळ्यात असूनही जीएफपी चमकू शकतं, म्हणून चमक दिसली म्हणजे प्रथिन ठाकठीक आहे असं धरू नकोस. तीच पेशी फेज काँट्रास्टमध्ये बघ. हिरव्या ठिपक्याच्या जागी तिथेही काचेच्या मण्यासारखं काही चमकत असेल तर ती इन्क्लूजन बॉडी, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनाचा गोळा.

कोरडा_बर्फ

+१. शिवाय पेशी फोडून सेंट्रिफ्यूज कर आणि वरचं द्रावण व खालचा साका वेगवेगळ्या लेनमध्ये घाल. ५८चा बँड बहुतेक साक्यात सापडला तर निम्मं उत्तर मिळालं.

आणखी एक युक्ती. नमुना न उकळता, थोड्या सौम्य बफरमध्ये जेलवर चालवलास तर जीएफपीची घडी टिकते आणि जेलमध्येच हिरवा बँड दिसतो, अँटिबॉडीही लागत नाही. फक्त न उकळलेलं प्रथिन मार्करप्रमाणे नेमकं धावत नाही, तेव्हा वजन त्यावरून काढू नकोस.

गोठ्यावरून

मी संगमनेरकडचा, दुधाचा धंदा. बारावी सायन्सनंतर सूक्ष्मदर्शक पाहिलेला नाही, पण धागा उघडला आणि वाचतच गेलो. हे टॅग म्हणजे नक्की काय हो? आमच्या गाईंच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, बारा आकडी नंबरचा, तसंच काही?

सोनेरी_जिवाणू

@गोठ्यावरून, अगदी तसंच. पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं असतात आणि सगळी बिनचेहऱ्याची. आपल्याला हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला एक छोटा तुकडा जोडून द्यायचा, म्हणजे ते तयार होतानाच कानात बिल्ला घेऊन येतं. मग बिल्ला ओळखणारी अँटिबॉडी सोडली की तेवढंच सापडतं. सहा हिस्टिडीनचा बिल्ला एक किलोडाल्टनहूनही लहान, शिवाय निकेलला चिकटतो म्हणून प्रथिन गाळून काढायलाही उपयोगी. फ्लॅग आठ अमिनो आम्लांचा. एचए नऊंचा, तो इन्फ्लुएंझा विषाणूच्या प्रथिनातून घेतलेला. मिक दहांचा.

जीएफपी मात्र स्वतःच चमकतं, त्यामुळे जिवंत पेशीत बघता येतं. पण ते २३८ अमिनो आम्लांचं आहे, २७ किलोडाल्टनचं.

गोठ्यावरून

म्हणजे ताईंचं प्रथिन ३१चं आणि बिल्ला २७चा! हा बिल्ला कसला, हे लोढणं झालं. आमच्याकडे ओढाळ गुराच्या गळ्यात ओंडका अडकवतात, ते मग चाललं तरी गुडघ्याला लागतं, सारखं एका जागी उभं राहतं. ते गुरू बांधाशी थांबलेलं दिसलं तर मी असं नाही म्हणणार की त्याला बांधाचं गवत आवडतं.

जुना_सूक्ष्मदर्शक

@गोठ्यावरून, तीस वर्षं शिकवलं, पण हे इतक्या सरळ शब्दांत मला कधी सांगता आलं नाही. विद्यार्थ्यांना सांगायला हे उदाहरण घेतोय, तुमच्या नावासकट.

ग्योटिंगेनकर

लोढण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एमआरईबी. काडीसारख्या जिवाणूंना आकार देणारं हे प्रथिन, आपल्या पेशीतल्या अ‍ॅक्टिनच्या कुळातलं. २००१मध्ये बॅसिलस या जिवाणूत ते जिन्यासारख्या वळणावळणाने पेशीभर गुंडाळलेलं दिसलं, पुढे ई. कोलायमध्येही पिवळं फ्लूरोसंट प्रथिन जोडून तशीच सुंदर वेटोळी दिसली आणि दहाएक वर्षं ती चित्रं सगळीकडे फिरली. २०११मध्ये तीन गटांनी जिवंत बॅसिलस आणि ई. कोलाय बारकाईने बघितले, तर सलग वेटोळं नाहीच. पेशीच्या घेराभोवती फिरणारे सुटे सुटे तुकडे. २०१२मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने दाखवलं की ई. कोलायच्या त्या प्रसिद्ध स्ट्रेनमधलं (वाणातलं) वेटोळं एन टोकाला, म्हणजे प्रथिनाच्या सुरुवातीला, लावलेल्या टॅगमुळेच तयार होत होतं. टॅग दुसऱ्या जागी घातला की वेटोळं गायब.

तुझ्या कामाचा दाखलाही २०१२चाच आहे. क्लपपी नावाचं प्रोटिएज जीएफपी जोडल्यावर पेशीत ठळक ठिपका करून बसायचं. तपासल्यावर कळलं की ठिपका टॅगचा आहे. बरीच फ्लूरोसंट प्रथिनं एकमेकांना हलकेच चिकटतात. तुझं प्रथिन चार-सहाच्या जुडीत राहणारं असेल तर प्रत्येक जुडीवर चार-सहा चिकट हात आले, मग जुड्यांचे गठ्ठे व्हायला कितीसा वेळ? उपाय म्हणजे एकटं राहणारं जीएफपी वापरणं. २०६व्या जागचं अ‍ॅलनिन बदलून लायसिन केलं की चिकटपणा जवळजवळ जातो. तुझ्या जीएफपीत हा बदल आहे का ते आधी बघ.

मीरा_डोंगरे

सगळ्यांना मान देऊन थोडा विरोध नोंदवते. या धाग्याचा सूर "टोकाचा ठिपका म्हणजे कचरा" असा होत चाललाय आणि तो तितकाच धोक्याचा आहे.

ई. कोलायचे वास घेणारे ग्राहक, म्हणजे कीमोरिसेप्टर, खरोखर टोकाला जुडग्याने बसतात. हे १९९३मध्ये सोन्याचे कण लावलेल्या अँटिबॉडीने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं गेलं, तिथे जीएफपीचा संबंधच नव्हता. कॉलोबॅक्टर या जिवाणूत पॉपझेड हे प्रथिन टोकालाच असतं. बॅसिलसमध्ये डिव्हआयव्हीए हे प्रथिन टोकाच्या वळणावर जाऊन बसतं.

माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं सांगते. पोस्टडॉकमध्ये मला असाच ठिपका दिसला. प्रयोगशाळेतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी एका सुरात सांगितलं, गोळा आहे, सोडून दे. मी सोडला. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने तेच प्रथिन, तीच जागा, सगळ्या कसोट्या लावून छापली. ती दोन वर्षं अजून टोचतात. तेव्हा वसाहतताई, ठिपका टाकू नकोस आणि मिरवूही नकोस, आधी तपास.

बशीतली_वसाहत

मीराताई, हे वाचून डोळे भरून आले. खरंच तपासते.

माझ्या जीएफपीत २०६चा बदल नाही, आत्ताच सीक्वेन्स उघडून पाहिला. फेज काँट्रास्टमध्ये काही पेशींत मणी आहे, काहींत नाही. आता कंट्रोल कुठले कुठले घेऊ?

सोनेरी_जिवाणू

माझ्या अनुभवावरून, महत्त्वाच्या क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी प्लाझ्मिड सोड. जनुक गुणसूत्रावर जिथे आहे तिथेच, त्याच्याच प्रमोटरखाली टॅग जोड. लॅम्डा रेड या गुणसूत्रात बदल करायच्या पद्धतीने ई. कोलायमध्ये हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. मग प्रथिन पेशीला लागतं तेवढंच तयार होईल. चमक फिकी पडेल, त्याची मनाची तयारी ठेव. ई. कोलायच्या एवढ्याशा पेशीत एक रेणू म्हणजे सुमारे १ नॅनोमोलर, आणि शंभरेक रेणू पेशीभर पसरले तर साध्या कॅमेऱ्याला जेमतेम दिसतात.

मग ते जोडलेलं प्रथिन काम करतंय का ते बघ. जनुक काढून टाकलेल्या स्ट्रेनला उपासमारीत काय त्रास होतो ते तुला माहीत असेलच. टॅगवालं प्रथिन असताना तो त्रास होत नसेल तर ते कामाचं आहे. ही कसोटी उतरली नाही तर बाकी चित्रं कितीही देखणी असोत, त्यांच्यावर काही उभारता येत नाही.

त्यानंतर टॅग दुसऱ्या टोकाला, आणि एकदा फ्लॅगसारखा छोटा टॅग लावून अँटिबॉडीने. यात एक अडचण आहे, अँटिबॉडी १५० किलोडाल्टनची, जिवाणूच्या भिंतीतून आत शिरत नाही. फॉर्माल्डिहाइडने पेशी स्थिर करून लायसोझाइमने भिंत विरळ करावी लागते. लायसोझाइम कमी पडलं तर अंधार, जास्त झालं तर पेशीच विरघळतात. वेळ ठरवायला माझा एक आठवडा गेला होता.

मी स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर काम करते, तिथे तर वेगळीच गंमत. त्याच्या भिंतीवर प्रोटीन ए असतं, ते कुठल्याही सशाच्या अँटिबॉडीला शेपटाकडून धरतं. पहिल्या ब्लॉटमध्ये माझ्या टॅग नसलेल्या स्ट्रेनमध्येही जाडजूड बँड आला, तेव्हा मी हादरलेच. आता प्रोटीन ए काढून टाकलेलाच स्ट्रेन वापरते. टॅग नसलेल्या मूळ स्ट्रेनची लेन प्रत्येक जेलवर हवीच, ती का हे त्या दिवशी कळलं.

कोरडा_बर्फ

अँटी-हिस वापरणाऱ्यांनीही सावध राहावं. ई. कोलायमध्ये स्लायडी नावाचं हिस्टिडीनने भरलेलं प्रथिन आहे. ते निकेल कॉलमला चिकटून बाहेर येतं आणि लोक त्यालाच आपलं प्रथिन समजून बसतात.

ब्लॉटचं बोलायचं तर जेलमधली प्रथिनं ज्यावर उतरवतात ते पीव्हीडीएफ मेम्ब्रेन आधी मिथेनॉलमध्ये भिजवलं का, ट्रान्सफरनंतर पॉन्सो रंगाने लाल करून बघितलं का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणाच्या कोऱ्या ब्लॉटवर मत देत नाही. आणि एचआरपी (बँड दिसायला लावणारं एन्झाइम) जोडलेल्या अँटिबॉडीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते एचआरपीलाच मारतं. ब्लॉकिंगला ५ टक्के दूध पावडर.

गोठ्यावरून

दूध पावडर? आपली नेहमीची?

कोरडा_बर्फ

हो दादा, साय काढलेल्या दुधाची. मेम्ब्रेन प्रथिनाला हपापलेलं असतं. दुधातलं केसीन सगळ्या रिकाम्या जागा भरून टाकतं, मग अँटिबॉडी फक्त हव्या त्या जागी चिकटते.

गोठ्यावरून

मग दोन गोष्टी सांगू का? दुकानात चहासाठी म्हणून मिळते ती डेअरी व्हाइटनर, तिच्यात साखर असते. पाकिटावर स्किम्ड मिल्क पावडर लिहिलेलं बघूनच घ्या.

दुसरं म्हणजे, दुधात गाईची स्वतःची प्रतिपिंडं असतात. चिकात तर भरपूर, वासराला त्याच्यावरच जगवतो आम्ही. तुम्ही प्रतिपिंडांनीच शोध घेताय, तर ती मध्ये येत नाहीत का?

सोनेरी_जिवाणू

येतात! दादा, हा नेमका प्रश्न मला माझ्या तोंडी परीक्षेत विचारला होता. शेळीची अँटिबॉडी ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी वापरली तर ती गाईच्याही प्रतिपिंडांना धरते, कारण दोघींची बरीच सारखी असतात. मग सगळं मेम्ब्रेन काळं. तेव्हा दूध टाळून वेगळं ब्लॉकिंग वापरतात. बायोटिनला धरणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरतानाही दूध नको, त्यातलं बायोटिन आड येतं.

ग्योटिंगेनकर

चित्रं घेण्याबद्दल थोडं, कारण इथे फार चुका होतात.

पेशी एलबी माध्यमात वाढवून तशाच बघू नकोस, एलबी स्वतःच हिरवट चमकतं. एम९ माध्यमात वाढव किंवा धुऊन घे. काचेवर थेंब टाकून वर कव्हरस्लिप ठेवली तर पेशी तरंगत राहतात, अ‍ॅगरोजची चकती वापर. १०० पट ऑब्जेक्टिव्ह, १.४ न्यूमरिकल अ‍ॅपर्चर असेल तर हिरव्या प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरपर्यंतच वेगळं दिसतं. तुझी पेशी जेमतेम १ मायक्रॉन रुंद, म्हणजे आडव्या अंगाने पाचच घरं. त्यात "ठिपका पटलाला चिकटलाय" असं ठामपणे म्हणता येत नाही. ती मर्यादा ओलांडायच्या पद्धतींना २०१४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातले एक, श्टेफान हेल, इथलेच. पण तुझ्या प्रश्नाला त्या यंत्रांची गरज नाही, चोख कंट्रोल पुरेत.

सर्वांत मोठा सापळा ऑटो काँट्रास्ट. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र आपापल्या परीने उजळतं, मग टॅग नसलेली पेशीही हिरवीगार दिसते, किंवा उलट. एक्स्पोजर सगळ्यांना तेच, आणि फिजी या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर किमान-कमाल आकडे हाताने तेच टाक. मिथेनॉलने पेशी स्थिर केल्या तर जीएफपीची चमक जाते, तेही लक्षात ठेव.

चिखलदऱ्याची_पाऊलवाट

मी ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंवर काम करतो, तिथे जीएफपी चालतच नाही. त्याचा चमकणारा गाभा ६५ ते ६७ या तीन अमिनो आम्लांतून बनतो आणि त्याला ऑक्सिजन लागतो. ई. कोलायच्या दाट, न हलवलेल्या कल्चरमध्येही हे दिसतं. साका फिका, आणि बाकावर उघडा ठेवला की हळूहळू हिरवा होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सगळ्या लॅबला बोलावून आणलं होतं.

पेरिप्लाझममध्ये, म्हणजे जिवाणूच्या दोन पटलांमधल्या जागेत, पाठवायचं असेल तर तिथेही साधं जीएफपी अंधारात राहतं. सेक या वाहतुकीच्या मार्गाने ते उलगडलेल्या धाग्याच्या रूपात बाहेर जातं आणि तिथे घडी होत नाही. एमचेरी हे लाल प्रथिन किंवा सहज घडी होणारं सुपरफोल्डर जीएफपी घ्यावं.

जुना_सूक्ष्मदर्शक

जीएफपीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. १९६१च्या उन्हाळ्यात जपानी शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला जाळ्यांनी जेलीफिश पकडत होते, त्या एका मोसमात सुमारे दहा हजार. एके दिवशी फसलेला अर्क त्यांनी बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळ्या प्रकाशाने उजळलं, कारण त्यात मत्स्यालयाचं समुद्राचं पाणी येत होतं. त्यातल्या कॅल्शियमने काम केलं होतं. जीएफपी हे त्या निळ्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या शोधाचं जोडउत्पादन, १९६२च्या निबंधात त्याला जेमतेम एक तळटीप मिळाली.

१९९२मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक वेगळं केलं, पुढचं काम करायला पैसा मिळाला नाही, तेव्हा जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकलं. १९९४मध्ये चाल्फींच्या प्रयोगशाळेत ते आधी ई. कोलायमध्येच चमकलं. म्हणजे ज्या जिवाणूवर तू आज काम करतेस त्यानेच दाखवलं, की जेलीफिशचं दुसरं काहीही लागत नाही. २००८चं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं तेव्हा प्रॅशर अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना सपत्नीक स्टॉकहोमला नेलं. वर्गात हे सांगताना माझा आवाज दर वेळी अडकायचा.

रोजचा_वाचक

वाचनखूण साठवली. सुंदर धागा.

बशीतली_वसाहत

सात आठवड्यांनी धागा वर आणतेय. उशीर झाला, पण हात रिकामे नाहीत.

२०६चा बदल असलेलं सुपरफोल्डर जीएफपी गुणसूत्रावर, मूळ प्रमोटरखाली बसवलं. उपासमारीच्या कसोटीत स्ट्रेन मूळ स्ट्रेनइतकाच तगला. भराभर वाढणाऱ्या पेशी बघितल्या तर ठिपका नाही. एकही नाही. पेशीभर फिकट, सारखा हिरवा रंग. फ्लॅगवाल्या पेशींतही तसंच. ब्लॉटमध्ये २७चा बँड आता शोधून शोधून दिसतो, बहुतेक सगळं ५८ला.

त्या दिवशी संध्याकाळी मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बसून राहिले. आठ महिन्यांचा ठिपका गेला. सरांना सगळी चित्रं एकाच काँट्रास्टवर लावून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोस्टरचं शीर्षक बदल."

पण अजून एक आहे. मीराताईंचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून तेच कल्चर ४८ तास उपाशी ठेवून बघितलं. थोड्या पेशींत टोकापासून जरा आत एक बारीक, फिका ठिपका येतो. जीएफपीने येतो आणि फ्लॅगनेही येतो. फेज काँट्रास्टमध्ये मणी नाही. ताजं माध्यम घातलं की अर्ध्या तासात विरतो. टॅग नसलेल्या स्ट्रेनमध्ये काही नाही. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

मीरा_डोंगरे

विरतो?! मृत गोळा अन्न मिळालं म्हणून अर्ध्या तासात विरत नाही. आता एन टोकाला टॅग लावून हेच कर, आणि किती पेशींत किती ठिपके ते मोज, न बघता निवडलेल्या जागांवर. मला फार आनंद झालाय.

गोठ्यावरून

म्हणजे लोढणं काढल्यावर गाय रानभर चरायला लागली, आणि दुष्काळ पडला की स्वतःहून एका ठिकाणी येऊन उभी राहतेय. तिथे काय आहे ते बघा आता. पाणी असेल.

बशीतली_वसाहत

दादा, पुढचं वर्ष तेच बघण्यात जाणार आहे. :)

ताजा_अ‍ॅगर

मी एमएस्सीच्या प्रोजेक्टला बसलोय. ती अ‍ॅगरोजची चकती कशी करायची कुणी नीट सांगेल का? माझी दर वेळी फाटते.

बशीतली_वसाहत

एम९मध्ये दीड टक्का अ‍ॅगरोज, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत उकळ, पण उतू जाऊ देऊ नकोस. दोन स्लाइडच्या मध्ये ओत, कडेला टेपचे थर लावून जाडी राख. दहा मिनिटं गार होऊ दे. वरची स्लाइड उचलायची नाही, आडवी सरकवायची. उचललीस म्हणूनच फाटत असणार. मग ब्लेडने चौकोन काप, १ मायक्रोलिटर कल्चर टाक, थेंब पूर्ण शोषला जाईपर्यंत थांब आणि मगच कव्हरस्लिप ठेव.